ओतीव पार्ट करून घ्यायचाय? फाउंड्रीत जाण्याआधी हे वाचा

आमच्या जळगावच्या एमआयडीसीत दर आठवड्याला एखादा तरी नवा मुलगा भेटतो. आयटीआय नाहीतर डिप्लोमा झालेला, घराशेजारी पत्र्याचं शेड टाकून एक लेथ बसवलेला. हातात पिशवी आणि पिशवीत तुटलेला तुकडा. कुणाकडे डाळमिलच्या एलिव्हेटरचा बेअरिंग ब्लॉक, कुणाकडे जिनिंगचं ब्रॅकेट. यावल-रावेरकडचा असेल तर केळीच्या खोडाचा धागा काढायच्या यंत्राची पुली. मागणी मात्र सगळ्यांची एकच : "भो, सेम टू सेम असाच ओतून पाहिजे."

हा लेख त्या मुलांसाठी आहे. मी स्वतः भट्टी चालवत नाही. फाउंड्रीकडून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याकडून, माल ओतून घेतो, मशिनिंग करतो आणि गिऱ्हाईकाला देतो. इतकी वर्षं हेच करताना एक गोष्ट पक्की कळली : ओतीव पार्ट भट्टीत क्वचितच बिघडतो. तो बिघडतो त्याच्या आधी, कागदावर आणि लाकडात. म्हणून या लेखात भट्टीपेक्षा भट्टीच्या आधीच्या कामावर जास्त बोलणार आहे.

सुरुवातीला मीही "सेम टू सेम"च केलं होतं. एका डाळमिलला १४ बेअरिंग ब्लॉक हवे होते. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा तुकडा निवडला, झिजलेल्या जागी पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासला आणि तोच पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना, म्हणून मोल्डरच्या (साचा बांधणाऱ्याच्या) हातात दिला. माल आला तो दिसायला हुबेहूब. लेथवर चढवल्यावर डोळे उघडले. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणजे १ टक्का. बैठकीपासून बोअरच्या (मधल्या भोकाच्या) मध्यापर्यंत १२० मिलिमीटर हवे होते, ते आले ११८.८. बैठकीवर मशिनिंगसाठी जादा माल नव्हताच, त्यामुळे एक कट घेतला की उंची आणखी खाली. बोअरमध्ये माल जेमतेम अर्धा मिलिमीटर, तोही एका बाजूला सरकलेला. कट मारला तर अर्धा बोअर चकचकीत आणि अर्ध्यात काळी साल तशीच. १४ च्या १४ नग भंगारात गेले, आणि तुरीच्या हंगामात त्या माणसाची मिल आठ दिवस अडून राहिली. फाउंड्रीची यात काही चूक नव्हती. मी दिलं तेच त्यांनी ओतलं होतं.

पायरी १ : तुटलेला तुकडा नीट वाचा

जुना तुकडा पॅटर्न म्हणून वापरायचा नसतो, पण साक्षीदार म्हणून त्याच्याएवढा चांगला कुणी नाही. तुटलेली कड उन्हात धरा. करडी, मंद, दाणेदार दिसली आणि बोटाला काळं लागलं तर ते साधं बीड, म्हणजे ग्रे कास्ट आयर्न. पांढरी, चमकदार, काचेसारखी दिसली तर पांढरं बीड, फार कडक आणि फार ठिसूळ. आता त्याच कडेचा रंग सगळीकडे सारखा आहे का पाहा. अर्धा भाग तेलकट, गंजलेला आणि अर्धा ताजा दिसत असेल, तर तडा महिनाभर आधीच पडला होता आणि त्या दिवशी फक्त उरलेला भाग तुटला. असा तडा बहुतेक वेळा काटकोनात कापलेल्या आतल्या कोपऱ्यातून सुरू होतो. तो कोपरा नव्या डिझाइनमध्ये गोल करायचा, हे तिथेच लिहून ठेवा.

मग चुंबक लावा. ड्रिल मारून पाहा : काळी भुकटी आणि बारीक तुकडे पडले तर बीड, लांब वेटोळी चिप निघाली तर पोलाद. तुकडा दोरीला टांगून हातोडीने हलकेच ठोका. साधं बीड "ठप्प" करतं, एसजी आयर्न (न तुटता वाकणारं बीड, पुढे येईल) आणि पोलाद घंटेसारखं वाजतं. पोळ्याला बैलासाठी घंटा घेताना आपण कानाजवळ नेऊन वाजवतो ना, तसाच कान इथेही लागतो, आणि दहा-वीस तुकडे ठोकले की तो तयार होतो.

शेवटी गिऱ्हाईकाला चार प्रश्न विचारा. पार्टवर धक्का बसतो का? काही घासतं का? पाणी, खत किंवा औषध लागतं का? किती गरम होतो? ही चार उत्तरं वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण धातू यावरूनच ठरणार आहे.

पायरी २ : धातू ठरवा

साधं बीड. घरातला बिडाचा तवा ज्याचा, तेच. यात साधारण २.५ ते ४ टक्के कार्बन आणि १ ते ३ टक्के सिलिकॉन असतं. कार्बन पातळ पापुद्र्यांसारख्या ग्राफाइटच्या रूपात पसरलेला असतो. त्या पापुद्र्यांमुळेच बीड मशीनवर छान कापलं जातं, कंप शोषून घेतं आणि दाबाला खंबीर राहतं. त्याच पापुद्र्यांमुळे ताण आणि धक्का मात्र त्याला सोसत नाही. मशीनची बैठक, पुली, बेअरिंग ब्लॉक, पंपाची बॉडी यांना हे उत्तम आणि सगळ्यात स्वस्त. ऑर्डर देताना नुसतं "बीड" म्हणू नका, ग्रेड सांगा. भारतीय मानक आयएस २१० मध्ये एफजी १५०, एफजी २००, एफजी २६०, एफजी ३०० अशा ग्रेड आहेत. आकडा म्हणजे किमान ताणशक्ती, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. शेतीच्या आणि मिलच्या बहुतेक कामांना एफजी २०० पुरतं. एक लक्षात ठेवा : हा आकडा ३० मिलिमीटर व्यासाच्या वेगळ्या ओतलेल्या चाचणी-दांड्यावर मोजलेला असतो. तुमच्या पार्टचा भाग त्याहून बराच जाड असेल तर तो हळू थंड होतो आणि तिथली ताकद कमी भरते.

एसजी आयर्न. वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम मिसळलं की ग्राफाइटचे पापुद्रे गोळ्यांसारखे होतात आणि तेच बीड वाकायला लागतं. १९४३ साली अमेरिकेत हा शोध लागला, आणि धक्का खाणाऱ्या पार्टसाठी पोलादाला स्वस्त पर्याय मिळाला. ग्रेड ५००/७ म्हणजे ताणशक्ती ५०० आणि तुटण्याआधी किमान ७ टक्के लांबण. ट्रॅक्टरच्या अवजारांचे हब, ब्रॅकेट, लिव्हर, जिथे जिथे साधं बीड वारंवार तुटतंय तिथे एसजीकडे जा. पण मॅग्नेशियमचा असर टिकत नाही. मिसळल्यावर साधारण १० मिनिटांत ओतणं व्हायला हवं. कुणी भरलेलं लेडल (धातू ओतायचं भांडं) गप्पा मारत ठेवलं तर नावाला एसजी आणि आतून साधं बीड मिळतं. म्हणून एसजीसाठी इंडक्शन (विजेवरची) भट्टी आणि तपासणीची सोय असलेली फाउंड्रीच निवडावी, असं माझं ठाम मत आहे. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

ओतीव पोलाद. वेल्डिंग करायचं असेल, जबर धक्का असेल, तरच. ओतताना १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं, आकसणं २ टक्के, म्हणजे बिडाच्या दुप्पट. सगळ्या फाउंड्री हे करत नाहीत.

इथे खडी क्रशरवाल्यांसाठी थोडं थांबतो. आपल्या भागातला काळा पाषाण, बेसॉल्ट, लोखंड खातो. क्रशरच्या जबड्याला मँगनीज स्टील लागतं : ११ ते १४ टक्के मँगनीज, सव्वा टक्क्याच्या आसपास कार्बन. त्याची खुबी अशी की मार बसेल तसा त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. मात्र मारच नसेल, नुसती वाळू किंवा राख घासत जात असेल, तर ते कडक होतच नाही आणि भराभर झिजतं. तिथे हाय-क्रोम, म्हणजे जास्त क्रोमियमचं, बीड लावा. आणि हाय-क्रोम दगडाच्या थेट माराखाली लावू नका, फुटेल. ही अदलाबदल मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि दोष नेहमी "माल हलका आला" यावर जातो.

अ‍ॅल्युमिनियम. वजन बिडाच्या निम्म्याहून कमी. एलएम ६ या ग्रेडमध्ये १० ते १३ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे ते साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज वाहतं आणि गंजायला चिवट आहे. ताकद हवी असेल तर एलएम २५ घ्या, त्याला हीट ट्रीटमेंट करता येते. भांड्यांचं आणि पिस्टनचं भंगार एकत्र वितळवून ओतलेल्या मालाला ग्रेड नसते. फवारणी यंत्राच्या झाकणाला ते चालेल, गिअरबॉक्सच्या बॉडीला नाही.

गनमेटल आणि पितळ. बुश, व्हॉल्व्ह, पंपाचा इम्पेलर. नेहमीचं गनमेटल म्हणजे ८५ भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ भाग. बोअरवेलचं पाणी खारं असेल तर पितळ टाळा. पाण्यात पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. रंग लालसर दिसू लागला की समजावं. बुशसाठी फॉस्फर ब्रॉन्झ घ्यायचं तर पोकळ बारच मिळतो का आधी पाहा. एका बुशसाठी साचा करण्यात अर्थ नाही.

पायरी ३ : पद्धत ठरवा, आणि ती नगांवरून ठरवा

दहा नग हवेत की दहा हजार, यावर पद्धत ठरते. नवीन मुलं इथे उलट जातात. इंटरनेटवर डाय कास्टिंगचा गुळगुळीत माल पाहतात आणि तेच मागतात.

आपल्या दहापैकी नऊ कामांना वाळूचा साचाच योग्य. त्यातही दोन प्रकार नेहमी भेटतील. पहिला हिरवी वाळू, म्हणजे ग्रीन सँड. हिचा रंग काळा असतो. हिरवी म्हणजे ओली, न भाजलेली. वाळूत ६ ते १० टक्के बेंटोनाइट माती, ३ ते ४ टक्के पाणी आणि बिडासाठी थोडी दगडी कोळशाची पूड. चांगल्या मोल्डरची परीक्षा मुठीत असते. तो वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो. गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात आणि हात कोरडा असतो. मग तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडतो. कडा धारदार राहिल्या तर वाळू तयार. भुरभुरली तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. कळण्याच्या भाकरीच्या पिठाला पाणी किती लागेल हे आपल्या घरात आई हातानेच ओळखते, तशीच ही ओळख आहे. तुम्ही फाउंड्रीत गेलात तर एक मूठ वाळू मागून स्वतः दाबून पाहा.

आपल्या हवेचा यात मोठा वाटा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी बांधलेल्या साच्याचा वरचा थर दुपारपर्यंत सुकून जातो. धातू ओतला की ती वाळू सुटते, धातूबरोबर वाहते आणि पार्टमध्ये खडे होऊन बसते. उन्हाळ्यात साचा बांधल्यापासून ओतेपर्यंत किती वेळ जातो, हे जरूर विचारा. पावसाळ्यात उलट त्रास : ठेवलेले कोअर (पार्टमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे) ओल धरतात, त्यातून वाफ निघते आणि पार्टमध्ये पोकळ फुगे राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोअर ताजे आणि कोरडे असावेत असं ऑर्डरवरच लिहा.

दुसरा प्रकार सीओटू. वाळूत ३ ते ५ टक्के सोडियम सिलिकेट मिसळतात, साचा भरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. मिनिटाभरात साचा दगडासारखा घट्ट होतो. मोठे पार्ट, कोअर आणि पोलाद यांना हा चांगला. याहून मोठ्या कामाला फ्युरान रेझिनचा नो-बेक, म्हणजे न भाजता घट्ट होणारा, साचा असतो.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. शेल मोल्डिंगमध्ये रेझिन लावलेली वाळू तापलेल्या धातूच्या पॅटर्नवर टाकतात आणि पातळ कवच तयार होतं. माप आणि फिनिश छान, पण धातूचा पॅटर्न करायचा खर्च शेकड्यांनी नग असतील तरच निघतो. ग्रॅव्हिटी डाय म्हणजे बिडाचा किंवा पोलादाचा कायमचा साचा, अ‍ॅल्युमिनियमचे काही हजार नग असतील तर. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये धातू दाबाने आत ढकलतात. दीड मिलिमीटरची भिंतही भरते, पण डाय लाखांत जाते. त्यात हवा अडकलेली असते, म्हणून तो पार्ट वेल्ड करायला गेलात तर फुगे येतात. बुश आणि लायनरसारख्या गोल पोकळ पार्टना सेंट्रिफ्युगल : साचा फिरतो, जड धातू बाहेर दाबला जातो, मळी आणि हलका कचरा आतल्या बाजूला येतो आणि बोअरिंगमध्ये निघून जातो.

इन्व्हेस्टमेंट कास्टिंग मला फार आवडतं. मेणाचा पार्ट करायचा, त्यावर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं, कवच भाजायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडे मूर्तिकार याला मधूच्छिष्ट म्हणत आले. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली सापडलेला तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा पाहिले की ही विद्या या मातीत किती जुनी आहे ते कळतं. आज राजकोटमध्ये याचे पुष्कळ कारखाने आहेत. स्टेनलेसचा लहान, किचकट, मशिनिंग नको असलेला पार्ट असेल तर तिकडे चौकशी करा.

पायरी ४ : ड्रॉइंग आणि पॅटर्न

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मी सांगतो म्हणून द्या.

आधी तयार पार्टचं ड्रॉइंग काढा. त्यावर कुठे मशिनिंग होणार तिथे लाल पेन्सिलने खूण करा. लहान बिडाच्या पार्टला त्या जागी ३ मिलिमीटर जादा माल धरा. साच्यात जी बाजू वर येते तिथे थोडा जास्तच, कारण कचरा आणि वायू वर जमतात. म्हणूनच महत्त्वाची मशिनिंगची बाजू साच्यात खाली ठेवायला सांगायची. मग आकसणं जोडा : बीड १ टक्का, अ‍ॅल्युमिनियम १.३, पितळ १.५, पोलाद २. पॅटर्नमेकरकडे आकसणं आधीच धरलेली पट्टी असते, त्यामुळे धातू कोणता ते त्याला आधी सांगा. बिडाच्या पट्टीने केलेला पॅटर्न पोलादाला चालत नाही. साच्यातून पॅटर्न सुटावा म्हणून उभ्या बाजूंना १ ते २ अंश उतार द्या.

आता भिंतींची जाडी. वाळूच्या साच्यात बिडाची भिंत ५ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. आणि पातळ भिंत एकदम जाड ठोकळ्याला भेटू देऊ नका. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग नंतर गोठताना आकसतो, त्याला पातळ भागातून धातू मिळत नाही, आणि आत पोकळी राहते. गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ, या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे पाट्यासारख्या भागाची जाडी दुप्पट केली की वेळ साधारण चौपट.

गावाकडे कडबा कुट्टीचं मोठं चाक पाहा. पुष्कळ जुन्या चाकांचे आरे सरळ नसतात, लांबट एस आकारात वाकवलेले असतात. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. ती नक्षी नाही. चाकाचा घेर आणि मधला हब जाड, आरे बारीक. आरे आधी गोठून ताठ होतात आणि घेर नंतर आकसतो. आरे सरळ असतील तर ताण थेट त्यांच्यावर येतो आणि हबजवळ तडा जातो, कधी थंड होतानाच, कधी सहा महिन्यांनी. वाकडा आरा थोडा झुकतो आणि ताण गिळतो. आऱ्यांची संख्या विषम ठेवण्यामागेही हेच. तुम्ही पुली किंवा फ्लायव्हील ओतून घेणार असाल तर हे चाक समोर ठेवून ड्रॉइंग काढा.

पॅटर्नचं लाकूड जुनं, वाळलेलं सागवान घ्या. ओलं लाकूड आपल्या उन्हाळ्यात वाकतं. पाच-पन्नास नगांना लाकूड पुरे, शंभरावर गेलात की अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न करा. हल्ली थ्री-डी प्रिंट केलेला पॅटर्नही चालतो. मात्र त्याचे थर पुट्टी भरून, घासून, रंगवून पूर्ण गुळगुळीत करा, नाहीतर वाळू त्या रेषांना धरते आणि साचा फाटतो. आतले कोपरे गोल करायला विसरू नका. पोकळी असेल तर कोअर बॉक्स वेगळा लागतो आणि त्याचा खर्चही वेगळा.

पायरी ५ : वजन काढा, मग भाव विचारा

ओतकामाचा भाव किलोवर असतो. वजन माहीत नसताना बोलणी करायला बसू नका. घनसेंटिमीटरला बीड ७.२ ग्रॅम, पोलाद ७.८५, अ‍ॅल्युमिनियम २.७, गनमेटल ८.७ च्या आसपास. २५ गुणिले ८ गुणिले २ सेंटिमीटरची बैठक म्हणजे ४०० घनसेंटिमीटर, बिडात २.८८ किलो. आकार वेडावाकडा असेल तर जुना तुकडा काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवा, सांडलेलं पाणी मोजा. १.३ लिटर सांडलं तर बिडात साधारण ९.४ किलो. त्यावर मशिनिंगचा जादा माल धरा.

भाव ठरवताना हे स्पष्ट विचारा : रनर-रायझर (धातू आत येण्याच्या वाटेत आणि जादा धातूच्या साठ्यात गोठलेला माल) तोडून, साफ केल्यानंतरचंच वजन धरणार ना? कोअरचे पैसे वेगळे का? पॅटर्न कोणाच्या मालकीचा? सदोष नग मशिनिंगमध्ये निघाला तर बदलून देणार का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. छोट्या कामाला जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत आधी चौकशी करा. रोज जाऊन पाहता येणं ही मोठी सोय आहे. संख्या आणि ग्रेड वाढली की नाशिक, कोल्हापूर, राजकोट.

पायरी ६ : ओतायच्या दिवशी तिथे उभे राहा

पहिल्या लॉटला तरी जाच. सुती कपडे घाला. टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. पायात बंद बूट, डोळ्यांवर चष्मा, आणि मोल्डरच्या वाटेत उभं राहायचं नाही. वितळलेल्या धातूला सगळ्यात मोठा शत्रू पाणी. ओलं भंगार किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप भट्टीत पडला तर आतलं पाणी क्षणात वाफ होऊन धातू उडवतं. ओल्या काँक्रीटवर धातू सांडला तरी तेच. पितळ वितळताना जो पांढरा धूर निघतो तो जस्ताचा. तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. वारा धूर जिकडे नेतो तिकडे उभं राहू नका.

पाहायचं काय? ओतण्याआधी मळी काढली का. बीड १३५० ते १४०० अंशांना ओतलं जातंय का, मोजायला पायरोमीटर आहे का. ओतताना धार तुटते का. धार तुटली तर दोन प्रवाह एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि पार्टवर सुरकुतीसारखी रेघ राहते. तिला कोल्ड शट म्हणतात आणि तिथूनच पुढे तडा जातो. आणि साच्याच्या पेट्या कधी फोडतात ते बघा. घाईत लालसर पार्ट बाहेर काढून त्यावर पाणी मारलेलं दिसलं, तर तो लॉट घेऊ नका.

पायरी ७ : माल ताब्यात घेताना

आधी एकच नमुना घ्या, पूर्ण मशिनिंग करा, बसवून पाहा, मगच बाकीच्यांना हिरवा कंदील. रिकाम्या जागा दिसल्या तर नीट ओळखा. आतून गुळगुळीत, चमकदार गोल खड्डे म्हणजे वायूचे, दोष ओलीचा. खडबडीत, स्पंजसारखी पोकळी जाड भागात असेल तर आकसण्याची, दोष डिझाइनचा किंवा रायझरचा. पहिल्यासाठी फाउंड्रीशी बोला, दुसऱ्यासाठी आधी स्वतःचं ड्रॉइंग काढून बसा. पातळ कडेला ड्रिल शिरतच नसेल तर तिथे बीड झटकन थंड होऊन पांढरं झालंय. फाउंड्रीला ओतताना फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलेशन (वितळलेल्या बिडात ते थोडं मिसळणं) नीट करायला सांगा, आणि जमलं तर ती कड एखादा मिलिमीटर जाड करा. माप जिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत हवं आहे अशी मशीनची बैठक असेल, तर अंतिम कट मारण्याआधी ती ५५० अंशांच्या आसपास तापवून हळू थंड करून घ्या, नाहीतर बसवल्यावर महिनाभराने पीळ घेते.

काम झालं की पॅटर्न परत आणा. फाउंड्रीच्या कोपऱ्यात राहिलेला पॅटर्न पुढच्या वर्षी सापडत नाही, सापडला तर वाळवी लागलेली असते. त्याला रंगाचा एक हात द्या, मागे पार्टचं नाव, धातू, धरलेलं आकसणं आणि तारीख लिहा. पत्र्याच्या छताखाली वरच्या फळीवर ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे लाकूड पीळ घेतं. खालच्या फळीवर, भिंतीपासून थोडा दूर, कोअर बॉक्स त्यालाच दोरीने बांधून ठेवा.